फोकलेला शब्द

मळ्यात कोथिंबिरीचा वाफा टाकायचा असेल, तर आधी धने खाली पसरून चपलेनं हलकेच रगडतात. एकेका धन्याच्या दोन फाका झाल्या की त्या मुठीत घ्यायच्या, बोटं जरा सैल सोडायची आणि मनगटाला हिसका देत वाफ्यावर उधळायच्या. वारा असेल तर हात खाली ठेवायचा. निम्मं बी उभं, निम्मं आडवं टाकलं की सगळीकडे सारखं पडतं. बीडकडच्या कुठल्याही मळ्यात दिसणारं हे काम. आपण त्याला बी फोकणं म्हणतो. इंग्रज शेतकरी त्यालाच म्हणायचा ‘ब्रॉडकास्ट’!

होय, रेडिओवाला ब्रॉडकास्ट. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे फेकणं. अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शेतीच्या कामासाठी रुळला, तेव्हा माईक आणि मनोरे जन्मायला अजून दीडेकशे वर्षं होती.

फोकण्याच्या उलट काम तिफणीचं. चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून थेट तासात उतरतं. कुठला दाणा कुठल्या ओळीत, हे ठरलेलं. ज्वारी-बाजरीला ही शिस्त हवी. ताग, लसूणघास, कोथिंबीर यांना मात्र फोकलेलं चालतं. तार आणि टेलिफोन हे तिफणीसारखे : इथून निघालेला निरोप नळीतून जावा तसा नेमक्या एका ठिकाणी पोचतो.

मार्कोनीच्या बिनतारी यंत्राकडूनही सुरुवातीला हीच अपेक्षा होती : जहाजाचा निरोप बंदरावर पोचवावा, बस्स. पण त्यात एक खोट होती. लहरी चारी दिशांना जात, आणि ज्याच्याकडे यंत्र असेल तो कुणीही ऐके. खासगी निरोपाच्या दृष्टीनं हा मोठाच दोष. १९२०च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं, अरे, ही खोट नव्हे, हेच तर वरदान! २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल हवेत सोडले. कोण ऐकतंय ते ठाऊक नाही, तरी सोडले. या नव्या उद्योगाला नाव हवं होतं, ते शेतात आयतंच पडलेलं होतं. १९२२मध्ये स्थापन झालेल्या बीबीसीच्या नावात मधला ‘बी’ आहे तो याच ब्रॉडकास्टिंगचा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं.

आता मराठीकडे वळू. आपण ‘प्रसारण’ म्हणतो, त्यात पसरणं आहे. ‘प्रक्षेपण’ म्हणतो, त्यात क्षिप् धातू आहे, म्हणजे फेकणं. ब्रॉड एका शब्दात गेलं, कास्ट दुसऱ्यात! सभेतला ध्वनिक्षेपक म्हणजे आवाज फेकणारा. दुसऱ्या केंद्राच्या बातम्या लावताना आकाशवाणीवर ‘सहक्षेपण’ म्हणतात, म्हणजे एकाच्या मुठीतलं दुसऱ्यानं सोबतीनं उधळणं. आणखी एक गंमत. कास्टचा अर्थ पुढे साच्यात ओतणं असाही झाला, त्यातून आलं कास्ट आयर्न, म्हणजे आपलं बीड. बिडाचा तवा आणि बीड जिल्हा यांची गाठ नुसती नावापुरतीच, पण ती पडली खरी.

वापराचं म्हणाल, तर भूतकाळातही इंग्रजी लिहिणारे बहुधा ब्रॉडकास्ट असंच ठेवतात, कारण मूळ ‘कास्ट’चं रूप बदलत नाही. ‘ब्रॉडकास्टेड’ही कोशांत सापडतं, पण कमी चालतं. पावसाच्या अंदाजाला फोरकास्ट म्हणतात, तोही याच घरातला, पुढे फेकलेला. मृग लागला की फोरकास्ट ब्रॉडकास्ट होतो आणि सगळं शिवार कान देऊन बसतं.

फोकलेलं सगळीकडे सारखं उगवत नाही. वाफ्यात कुठे दाट येतं, कुठे विरळ. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे बालाघाटाचा डोंगर आडवा आला की पलीकडच्या वाडीत नुसती खरखर. तिथे जवळचं दुसरं केंद्र हवं, म्हणजे पुन्हा एक मूठ. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टची तऱ्हा आणखी वेगळी. ज्यानं तुमचा नंबर जतन केलाय, त्यालाच तुमचा निरोप पोचतो. बी सगळ्यांच्या नावानं टाकलंय, पण रुजतं ते वाफसा असलेल्या मातीतच.

फोकून झालं की शेतकरी वाफ्यावर दाताळं फिरवतो, पाणी सोडतो आणि घरी जातो. कुठला धना उगवेल, ते त्याला माहीत नसतं. स्टुडिओत लाल दिवा लागल्यावर बोलणाऱ्यालाही नसतं. तरी दोघंही मूठ उघडतात.