शेवटचा आला की निघायचं नाही

सप्टेंबर संपत आला की पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या गॅलऱ्या ओळखू येतात. पेपरवर पसरलेली काळी साखळी, डब्यात थोडं डिझेल, एक जुना टूथब्रश आणि ‘हे इथे किती दिवस राहणार आहे?’ असा आतून येणारा आवाज. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, पण त्याच सुमाराला क्लबची पहिली बैठक भरते आणि त्या बैठकीत ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांचे रविवार मांडले जातात. आमच्या क्लबात हे मांडण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ते कसं करतो, ते सांगतो.

बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: या सीझनमध्ये तुला काय जमायला हवंय? उत्तर एकाच वाक्यात हवं. ‘फिट व्हायचंय’ हे उत्तर चालत नाही, कारण ते जमलं की नाही हे मार्चमध्ये कुणालाच सांगता येत नाही. ‘पाय न टेकता सिंहगड चढायचाय’ हे चालतं. ‘एका दिवसात शंभर’ हेही चालतं. कुणाला महाबळेश्वर हवं असतं, कुणाला बीआरएम. वेगाचं उद्दिष्ट मी शक्यतो लिहून घेत नाही. स्ट्रावा अ‍ॅपवरचा सरासरी वेग वाऱ्यावर, सिग्नलवर आणि त्या दिवशी कुणाच्या मागे चिकटून आलात यावर ठरतो. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावापुढे हजेरी लिहितो: जानेवारीपर्यंतच्या बारापैकी नऊ रविवार. नऊ रविवार आलेला माणूस मार्चपर्यंत आपोआप वेगवान होतो.

बीआरएम म्हणजे काय, हे नव्या मंडळींना दरवर्षी सांगावं लागतं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार जगभर होणाऱ्या या लांब पल्ल्याच्या राइड आहेत. ती शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ठरलेल्या वेळेत पोचायचं, वाटेतल्या तपासणी-थांब्यांवर (कंट्रोल) कार्डावर नोंद घ्यायची आणि आपलं पंक्चर आपणच काढायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. या चारही एकाच सीझनमध्ये पूर्ण केल्या की ‘सुपर रॅन्डोनिअर’ म्हणवून घेता येतं. त्यांचा सीझन १ नोव्हेंबरला सुरू होऊन पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो. दर चार वर्षांनी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची राइड होते. मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये. तिच्यासाठी त्या वर्षी ही चारही अंतरं पूर्ण केलेली असावी लागतात, त्यामुळे सध्या आमच्याकडे एकदोघांच्या डोळ्यांत ती दिसू लागली आहे. बाकीच्यांच्या डोळ्यांत बोपदेव घाट दिसतो, आणि आराखडा त्यांच्यासाठी करायचा असतो.

आराखडा शेवटच्या तारखेपासून उलटा मांडायचा. समजा, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांना पहिली २०० करायची आहे. तिथून मागे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत यायचं. साधारण चौदा रविवार हाती लागतात. त्यातले दिवाळीचे दोन काढूनच टाकायचे. ‘फराळ झाल्यावर हलकीशी राइड’ असं ठरवून पाहिलंय, मी आणि आणखी एक जण असे दोघेच होतो. उरले बारा. त्या बारा रविवारची अंतरं अशी लिहितो: ४०, ५०, ६०, ४५; मग ६०, ७५, ९०, ६०; मग १००, १२०, १४०, ६०. त्यानंतर २००.

या आकड्यांत दोन गोष्टी मुद्दाम आहेत. दर चौथा रविवार उतरता आहे. तीन आठवडे ताण घेतलेले पाय विश्रांतीच्या आठवड्यात ताकद भरून काढतात. उत्साही मंडळी नेमक्या याच रविवारी ‘आज पाय मस्त आहेत’ म्हणून जास्त मारतात आणि पुढच्या आठवड्यात गुडघा धरून बसतात. दुसरं म्हणजे २०० करण्याआधी २०० करून पाहायची गरज नाही. १४० बऱ्या अवस्थेत संपले, तर उरलेलं अंतर सांभाळून खाल्लं-प्यायलं की निघतं. मधल्या वारी कामाआधी तासाभराच्या दोन राइड झाल्या तरी पुरे.

आता रस्ते. नकाशावरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही. पुणे डोंगर आणि माळ यांच्या सीमेवर वसलंय, त्यामुळे पश्चिमेचे आणि पूर्वेचे पन्नास किलोमीटर सारखे नसतात. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन येणं हे नव्वदच्या आसपास अंतर असलं तरी नवखा माणूस ते गप्पा मारत करतो. सिंहगडाचं जाणं-येणं त्याहून कमी, पण शेवटचे नऊएक किलोमीटर चढतच राहतात आणि शेवटी शेवटी बोलणं बंद होतं. म्हणून प्रत्येक रूटच्या पुढे अंतराबरोबर चढाचे मीटर लिहायचे. दहा किलोमीटरमागे शंभर मीटर चढ पडला, की तो रूट डोंगराळ समजायचा आणि त्या रविवारचं अंतर निःसंकोच कापायचं. सुरुवातीचे रविवार पूर्वेला, मग बोपदेव किंवा दिवेघाट चढून सासवड, मग लोणावळा. लोणावळ्याला अर्थात जुन्या हायवेने, द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. पहिल्या दोनशेसाठी भिगवणला जाऊन परत येण्यासारखा सपाट आणि सोपा रस्ता नाही. वर हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगोही दिसतात, तेवढा वेळ असेल तर.

सगळ्यात जास्त डोकं लागतं ते वेगवेगळ्या वेगाच्या माणसांना एकत्र नाश्त्याला बसवायला. लोणावळ्याचं उदाहरण घेऊ. अंतर ६५ किलोमीटर. नवखी मंडळी ताशी १८ च्या सरासरीने जातात, त्यांना तीन तास सदतीस मिनिटं लागतात. मधल्यांचा वेग २२, त्यांना तीन तासांना तीन मिनिटं कमी. पुढच्यांचा २५, म्हणजे दोन तास छत्तीस मिनिटं. सगळे सहाला एकत्र निघाले, तर पुढच्यांचा पोहे आणि दुसरा चहा धरून तासभर गार वाऱ्यात बसून होतो, तेव्हा नवखे घामाघूम होऊन पोचतात आणि समोर बिल मागवलेलं दिसतं. म्हणून उलटं करायचं. संथ गट साडेपाचला सोडायचा, मधला सहा दहाला आणि वेगवान साडेसहाला. तिन्ही गट नऊ वाजून पाच-सात मिनिटांनी एकाच टपरीवर येतात. शिवाय वाटेत मागचे गट पुढच्यांच्या जवळ येत जातात, त्यामुळे पुढे निघालेल्यांत कुणाचं पंक्चर झालं, तर मागून येणारं कुणीतरी नक्की भेटतं.

कागदावर हे छान दिसतं. खोट निघते डिसेंबरमध्ये. तेव्हा पुण्यात सूर्य उगवायला जवळपास सात वाजतात, म्हणजे साडेपाचला निघालेला गट दीड तास अंधारात चालवतो. आणि अंधारात सगळ्यात आधी बाहेर पडणारी हीच ती मंडळी, ज्यांच्याकडे धड दिवे नसतात आणि ज्यांना खड्ड्यांची सवय नसते. यावर मी काढलेला तोडगा असा: थंडीच्या दोन महिन्यांत संथ गट सव्वासहाला निघतो, पण त्याचा रूट आखूड. लोणावळ्याऐवजी कामशेतच्या आसपास थांबायचं आणि बाकीचे गट परतताना त्यांना तिथे भेटतात. मागे लाल दिवा नसेल त्याला उजाडायच्या आधी सोडत नाही, तो कितीही जुना सभासद असो. यावरून रुसवे झालेत, होऊ देत.

रस्त्यावर गट म्हणजे जास्तीत जास्त आठ-दहा जण. त्याहून लांब रांग ओलांडताना मागचा ट्रकवाला वैतागतो आणि मध्येच घुसतो. आमच्या रस्त्यांवर एकामागे एक. युरोपातल्या व्हिडिओत दोघे-दोघे शेजारी चालवतात ते पाहायला बरं.

एकामागे एक जाण्याचा फायदाही मोठा आहे. सपाटीवर ताशी तीसच्या आसपास वेग असेल, तर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पुढच्याच्या मागे एका चाकाच्या अंतरावर राहिलं, तर साधारण पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदलायचा. पुढे आलेल्याने वेग वाढवायचा नसतो. नेमकं इथेच प्रत्येकाच्या अंगात येतं. मागे असाल, तर आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला समांतर जाऊ द्यायचं नाही. तो जरा बाजूला सरकला आणि चाकाला चाक लागलं, की पडतो तो मागचा. ब्रेक अचानक दाबायचा नाही. खड्डा, काच, गतिरोधक दिसला, की ओरडून सांगायचं आणि ती हाक शेवटच्यापर्यंत पोचवायची. हाक मारायला लाजणारे इंजिनिअर मी पाहिलेत. दुसऱ्या राइडला त्यांचाही आवाज फुटतो.

घाट लागला की हा सगळा हिशेब कोलमडतो. ताशी आठ-नऊच्या वेगाला हवा अडवत नाही, त्यामुळे कुणाच्या मागे राहून काही वाचत नाही. तिथे तुमचं वजन आणि तुमचे पाय. सपाटीवर एकत्र आलेला गट घाटात फुटतोच, त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून आधीच सांगायचं की घाटात ज्याने त्याने आपल्या गतीने चढायचं, माथ्यावर सगळ्यांनी जमायचं.

आणि इथे तो नियम येतो, जो मला फार उशिरा सुचला. महाबळेश्वरच्या राइडला कात्रज, खंबाटकी आणि वाईपुढचा पसरणी असे तीन घाट आहेत. पूर्वी आम्ही माथ्यावर थांबायचो, शेवटचा माणूस दिसला की टाळ्या वाजवायचो आणि ‘चला, आले सगळे’ म्हणून निघायचो. पहिला आलेला दहा मिनिटं बसलेला असे. शेवटचा आलेला एक पायही न टेकवता पुढे. खंबाटकीला पुन्हा तेच. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला प्रत्येक घाटावर मिळाली आणि ज्याला होती त्याला एकदाही नाही. वर्षानुवर्षं आम्हाला वाटायचं, काही लोकांचा स्टॅमिनाच कमी. एका वर्षी पसरणीच्या पायथ्याशी एक जण शांतपणे सायकल टेम्पोत चढवून घरी गेला आणि नंतर कधी आलाच नाही. तेव्हापासून शेवटचा माणूस आला, की घड्याळ लावून दहा मिनिटं. त्याचं पाणी, केळं, चिक्की झाल्यावर निघायचं. पुढच्यांना थंडी वाजत असेल, तर त्यांनी विंडचिटर आणावं.

हाच हिशेब बीआरएमलाही लागतो. २०० किलोमीटर १८ च्या वेगाने चालवले, तर चालवण्याचेच अकरा तास होतात आणि हातात अडीच तासांहून थोडे कमी उरतात. तेवढ्यात दोन जेवणं, चार चहा, एक पंक्चर बसवायचं. म्हणजे नवख्याला वेग वाढवून फारसं मिळत नाही, बसणं आटोपशीर करून मिळतं. आमच्या रविवारी नाश्त्याची वेळ पंचवीस मिनिटं ठेवतो ती त्याच सवयीसाठी. त्या वेळात खाणं, बाटली भरणं, चाक दाबून पाहणं. डोशाची ऑर्डर द्यायची नाही, डोसा उशिरा येतो. पोहे किंवा इडली. आणि राइडवर भूक लागायची वाट पाहायची नाही, पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं.

प्रत्येक गटात दोन माणसं नेमलेली असतात, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. मागच्याला स्वीप म्हणतात. त्याच्यामागे आपल्यातलं कुणी राहता कामा नये, एवढंच त्याचं काम. त्याच्याकडे मोठा पंप, दोन जादा ट्यूब, साखळीचं टूल, थोडी औषधं आणि चार्ज असलेला फोन हवा. एका वर्षी आम्ही स्वीप न नेमताच निघालो होतो. खेड शिवापूरच्या अलीकडे एकाचं पंक्चर झालं, फोन बंद पडलेला. आम्ही नाश्ता करून हात धूत होतो, तेव्हा त्याच्या बायकोचा फोन आला, ‘ते चालत घरी निघालेत’ म्हणून. त्याने एका दुकानातून तिला कळवलं होतं. आम्हाला त्याची आठवणही झाली नव्हती.

स्वीप म्हणून बहुतेक क्लबांत कुणीतरी संथ माणूस गळ्यात पडतो, कारण ‘तू तसाही मागेच असतोस’. हे चूक आहे. मागे पंक्चर काढून झाल्यावर गटाला गाठायचं असतं, थकलेल्याच्या पुढे राहून त्याला वारा अडवून द्यायचा असतो. ते काम गटातल्या सगळ्यात दमदार माणसाचं.

मार्चच्या मधल्या रविवारपासून ऊन चढतं. तेव्हा साडेनऊला घरी, एवढंच उद्दिष्ट. यंदाचं वेळापत्रक तयार आहे. पहिल्या रविवारी ४० किलोमीटर, सपाट. निघण्याआधी टायरमध्ये अडकलेल्या काचा काढून या. आणि ज्यांचा सपाटीवरचा वेग अठ्ठावीसच्या वर आहे, त्यांनी आपलं नाव स्वीपच्या यादीत एका रविवारपुढे तरी घालावं. डिसेंबरचे दोन अजून रिकामे आहेत.