डुलकी, घोरणे आणि हनुवटी

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणानंतर लष्करातल्या कुठल्याही मराठी घरात डोकावा, कुणीतरी आरामखुर्चीत पेंगत असतेच. त्यात गैर काही नाही. पण रात्री आठ तास झोपूनही सकाळी वर्तमानपत्र वाचताना मान पडत असेल, आग्र्याच्या रस्त्यावर गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर त्याला आळस म्हणून सोडून देऊ नका. तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. मेंदू क्षणभर जागा होतो, तेव्हा कुठे श्वास पुन्हा सुरू होतो. श्वास अडण्याचे असे प्रकार तासाला 5 किंवा अधिक झाले तर तपासणी हवी, 30 च्या पुढे गेले तर आजार तीव्र. सकाळी मात्र यातले काहीच आठवत नाही.

"मी तर सडपातळ, मला कसा होईल?" असे पुष्कळ जण म्हणतात. वजन हे मोठे कारण आहेच, पण चेहऱ्याची ठेवणही पाहावी लागते. खालचा जबडा लहान किंवा मागे सरलेला, टाळू अरुंद आणि उंच असेल, तर लहान खोलीत मोठा पलंग घातल्यासारखी जिभेची अडचण होते. आरशासमोर तोंड उघडून जीभ बाहेर काढा. पडजीभ दिसतच नसेल, तर वाट अरुंद असू शकते. भूल देण्याआधीच्या या तपासणीला डॉ. मल्लमपटी या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांचे नाव आहे.

दिवसाची झोप मोजायला एपवर्थ प्रश्नावली वापरतात. आठ प्रसंग, प्रत्येकी 0 ते 3 गुण, बेरीज 10 च्या वर गेली तर डॉक्टरांना भेटावे. मात्र काहींचा श्वास रात्रभर अडतो, तरी दिवसा झोप येत नाही. म्हणून नुसत्या चेहऱ्यावरून किंवा डुलकीवरून निदान होत नाही, त्यासाठी झोपेची चाचणीच हवी.

उपाय आहेत. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्री मद्य टाळणे. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेले सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते. जबडा पुढे धरणारी पट्टी दंतवैद्य बसवून देतात.

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. तेव्हा वहिनी, चाचणीला जाताना तुम्हीही सोबत जा. मधेच श्वास थांबतो, हे तुम्हीच सांगू शकता.