ब्रश फेस खातो तो कसा?

‘नवा ब्रश फेस खातो,’ ही तक्रार ब्रशने दाढी करणाऱ्यांकडून हमखास ऐकू येते. वाटीत क्रीम घोळवावं आणि गालावर यावा जेमतेम पातळसा थर! तक्रार खोटी नाही. बहुतेकदा ती डुकराच्या केसांच्या ब्रशबद्दल असते आणि हा ब्रश खरं तर फेसातलं पाणी खातो.

केस हे केराटिन या प्रथिनाचे. पुरता भिजलेला केस कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पोटात घेतो, फुगतो, मऊ पडतो. डुकराचा केस जाड आणि राठ, त्यामुळे पाणी मुरायला वेळ लागतो. कोरड्या ब्रशवर क्रीम घेतलं, की केस फेसातलंच पाणी ओढतो आणि फेस बसतो. म्हणून असा ब्रश दहा मिनिटं मगात बुडवून ठेवावा. वापरून वापरून त्याचे शेंडे फाटतात, एकेका केसाला दोन-तीन टोकं फुटतात. डोक्यावरच्या अशा केसांना आपण कात्री लावतो; इथे मात्र तेच हवं असतं, कारण त्याने ब्रश गालाला मऊ लागतो. (बोअरच्या पाण्यात फेसच धरत नसेल, तर ब्रशला बोल लावू नये. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचा चिकट साका करतात.)

महागडे ब्रश असतात बॅजरच्या केसांचे. बॅजर हा बिळात राहणारा, रात्री फिरणारा प्राणी. त्याचा केसही पाणी पितो, पण या ब्रशची खरी साठवण केसांमधल्या फटींत असते. फट जितकी अरुंद, तितकी केशाकर्षणाची पकड घट्ट. ब्रश पाण्यातून वर काढला की केस एकमेकांना बिलगून टोक धरतात. ओले केस असे झुपक्याझुपक्याने का चिकटतात, याचं गणित बिको हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं: पाण्याचा पृष्ठताण केसांना जवळ ओढतो, केसांचा ताठपणा त्याला विरोध करतो.

फेस सुटतो तो याच ताठपणामुळे. फेस आपणहून वाहत नाही, त्याला जोर लागतो. ब्रश गालावर दाबला की केस वाकून फाकतात, फटी रुंदावतात, पकड ढिली होते. केस फारच लुसलुशीत असतील, तर फेस ब्रशच्या पोटातच राहतो. म्हणून पैसे मोजून घेतलेला अतिमऊ बॅजर पाणी छान धरतो, पण फेस देताना हात आखडतो. राठ डुक्कर इथे उजवा.

कृत्रिम तंतूंचा हिशोब सोपा. नायलॉन थोडंफार पाणी शोषतं, पीबीटी नावाचं पॉलिएस्टर जवळजवळ नाहीच. सगळं पाणी फटींत, त्यामुळे भिजत घालायची गरज नाही आणि फेसही चटकन सुटतो. सरळ कापलेला जाड नायलॉनचा तंतू गालाला टोचायचा. पॉलिएस्टरची टोकं मात्र तीव्र कॉस्टिक सोड्यात बुडवून निमुळती करता येतात. रोजच्या घाईत मी हाच ब्रश सुचवीन. फक्त क्रीम घेण्याआधी तो दोनदा जोरात झटकावा, नाहीतर पहिल्याच फटकाऱ्याला सगळं पाणी कोपरापर्यंत ओघळतं.