मिठामुळे बर्फ वितळतो, मग कुल्फी गोठते कशी?
विरघळलेले पदार्थ पाण्याचे गुणधर्म कसे बदलतात, याचा लखनौच्या कुल्फीपासून जलसंजीवनीपर्यंतचा मागोवा

उन्हाळ्यात लखनौच्या अमीनाबाद आणि चौक या जुन्या बाजारपेठांमध्ये कुल्फी-फालुद्याला मोठी मागणी असते. आटवलेले, साखर व केशर घातलेले दूध शंकूच्या आकाराच्या पत्र्याच्या साच्यांत भरायचे, साच्यांची तोंडे घट्ट बंद करायची आणि ते बर्फ व खडे मीठ भरलेल्या मोठ्या माठात ठेवून माठ हलवत राहायचा, ही कुल्फी जमवण्याची पारंपरिक रीत आहे. 'कुल्फी' हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आल्याचे मानले जाते, त्याच 'कुफ्ल' शब्दावरून मराठीतील 'कुलूप' आले आहे. बंद साच्याला हे नाव शोभणारेच आहे. महाराष्ट्रातही लाकडी पॉटमध्ये हाताने फिरवून आइस्क्रीम करताना बर्फावर खडे मीठ टाकण्याची पद्धत घरोघरी परिचित होती.

मीठ टाकल्यावर बर्फ लवकर वितळतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. मग जो बर्फ स्वतः वितळतो आहे, तो शेजारचे दूध कसे गोठवतो? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रातील एका साध्या नियमात आहे. दुधातील भेसळ ओळखण्यासाठी हाच नियम उपयोगी पडतो आणि अतिसाराने आजारी असलेल्या बालकाला कोणते पेय द्यावे, हे ठरवतानाही तोच विचारात घ्यावा लागतो.

माठात नेमके काय घडते?

शुद्ध पाणी आणि बर्फ शून्य अंश सेल्सिअसला एकत्र नांदतात. या तापमानाला बर्फाच्या पृष्ठभागावरून जितके रेणू सुटून पाण्यात येतात, तितकेच पाण्यातील रेणू पुन्हा बर्फाला जाऊन चिकटतात. पाण्यात मीठ विरघळले की हा समतोल बिघडतो. मिठाच्या कणांनी पाण्यात जागा घेतल्यामुळे बर्फाकडे परतणाऱ्या रेणूंचे प्रमाण घटते. बर्फातून सुटणारे रेणू मात्र पूर्वीइतकेच राहतात. परिणामी बर्फ वितळू लागतो.

वितळण्यासाठी उष्णता लागते. एक ग्रॅम बर्फाचे पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी खर्च होतात. ही उष्णता बर्फ आपल्या सभोवतालून, म्हणजे खाऱ्या पाण्यातून आणि साच्यातील दुधातून खेचून घेतो. त्यामुळे मिश्रणाचे तापमान शून्याच्या खाली घसरत जाते. मीठ व पाणी यांचे प्रमाण योग्य असेल, तर ते उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकते. त्या वेळी द्रावणात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असते. याहून अधिक मीठ घातल्यास तापमान आणखी उतरत नाही.

नुसत्या बर्फाने हे काम का होत नाही, याचे उत्तर साच्याच्या आत आहे. दुधात साखर विरघळलेली असल्याने त्याचाही गोठणबिंदू शून्याखाली गेलेला असतो. शून्य अंशांवरचा बर्फ ते कितीही वेळ थंड करीत राहिला, तरी गोठवू शकत नाही. म्हणजेच साच्याच्या आत साखर आणि बाहेर मीठ एकाच नियमानुसार काम करतात. बाहेरचा परिणाम आतल्यापेक्षा मोठा असल्याने कुल्फी जमते. दुधातील काही पाणी गोठले की उरलेल्या भागात साखरेचे प्रमाण वाढते आणि तो भाग गोठणे अधिक कठीण होते. त्यामुळेच कुल्फी बर्फाच्या खड्यासारखी टणक न होता दाताखाली सहज तुटते.

येथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. अकबराच्या दरबारात सोऱ्याचा वापर करून पिण्याचे पाणी थंड केले जात असे, अशी नोंद अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात आहे. तेथे सोरा बर्फात नव्हे, तर पाण्यात मिसळला जाई. सोरा पाण्यात विरघळताना स्वतःच उष्णता शोषून घेतो, म्हणून ते पाणी गार होते. मीठ-बर्फाच्या मिश्रणात मात्र मुख्य भूमिका वितळणाऱ्या बर्फाची असते.

पदार्थ कोणता यापेक्षा कण किती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा-मारी राउल्त यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या द्रावणांचे गोठणबिंदू आणि बाष्पदाब मोजले. विरळ द्रावणात परिणाम पदार्थाच्या प्रकारावर नव्हे, तर विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. तेवढ्याच पाण्यात केवळ ६० ग्रॅम युरिया विरघळवला, तरी जवळपास तेवढाच परिणाम होतो. कारण या दोन्ही वजनांमध्ये रेणूंची संख्या सारखीच असते.

मिठाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकत होता. ५८.५ ग्रॅम मिठाचा परिणाम अपेक्षेच्या जवळपास दुप्पट दिसत असे. स्वीडनचे स्वांटे अर्हेनियस यांनी त्याचे कारण सांगितले. मीठ पाण्यात विरघळताना सोडियम आणि क्लोराईड अशा दोन विद्युतभारित कणांत विभागले जाते. त्यांना १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक डच शास्त्रज्ञ याकोबुस वांट हॉफ यांना देण्यात आले होते. द्रावणांच्या परासरण दाबावरील संशोधन हा त्या गौरवाचा एक भाग होता.

या हिशेबाने एक ग्रॅम मीठ एक ग्रॅम साखरेच्या तुलनेत सुमारे बारापट कण पुरवते. बर्फावर साखर न टाकता स्वस्त खडे मीठ का टाकले जाते, हे यावरून समजते. वाळू मात्र पाण्यात विरघळतच नाही. त्यामुळे ती कितीही टाकली, तरी बर्फाच्या तापमानात फरक पडत नाही.

विरघळलेल्या कणांमुळे चार गोष्टी बदलतात. बाष्पदाब घटतो, उत्कलनबिंदू वाढतो, गोठणबिंदू उतरतो आणि परासरण दाब निर्माण होतो. साखरेचा पाक आटत जातो, तसतसा तो अधिक तापमानाला उकळतो. बोटांमध्ये पाकाची तार पाहणारा हलवाई एका अर्थाने त्यातील साखरेचे प्रमाणच तपासत असतो. पाण्यात मीठ घातल्याने भात लवकर शिजतो, हा समज मात्र फारसा खरा नाही. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातल्यास उत्कलनबिंदू पाव अंशानेही वाढत नाही.

दुधातील पाणी कसे ओळखतात?

गायी-म्हशींच्या ताज्या दुधाचा गोठणबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या किंचित खाली असतो आणि त्यात फारच थोडा चढउतार होतो. दूध जनावराच्या शरीरात रक्ताशी परासरणाचा समतोल राखून तयार होते, हे त्याचे कारण आहे. दुधात पाणी मिसळले की कण विरळ होतात आणि गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. दुग्धप्रयोगशाळांमध्ये क्रायोस्कोप नावाच्या उपकरणाने हा सूक्ष्म फरक मोजला जातो.

भेसळ करणारेही या नियमाचा फायदा उठवू शकतात. पाणी मिसळल्यानंतर मीठ, साखर किंवा युरिया घातल्यास गोठणबिंदू पुन्हा खाली आणता येतो. त्यामुळे केवळ या एका चाचणीवर न थांबता अशा पदार्थांसाठी वेगळ्या रासायनिक चाचण्याही कराव्या लागतात. कणांची संख्या मोजणारे उपकरण ते कण कोणाचे आहेत, हे सांगू शकत नाही.

शरीरातील पाण्याची ये-जा

या नियमाचे सर्वांत गंभीर परिणाम मानवी शरीरात दिसून येतात. पातळ पडद्याच्या दोन बाजूंना विरघळलेल्या कणांचे प्रमाण वेगळे असेल, तर पाणी कमी कणांच्या बाजूकडून अधिक कणांच्या बाजूकडे जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावताच पाणी सुटते, ते याच परासरणामुळे. शिरेतून द्यावयाच्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते, कारण त्यातील कणांचे प्रमाण रक्ताशी जुळते. त्याऐवजी शुद्ध पाणी शिरेत गेल्यास तांबड्या रक्तपेशी फुगून फुटू लागतात.

अतिसारात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. त्यावर दिली जाणारी जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, आतड्यातील एका विशिष्ट यंत्रणेचा उपयोग करते. तेथे ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणीही शरीरात जाते. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून अनेकांचे प्राण वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

ग्लुकोज उपयुक्त असले, तरी ते प्रमाणाबाहेर असल्यास आतड्यातील कणांची संख्या वाढते आणि पाणी आत शोषले जाण्याऐवजी उलट आतड्यात ओढले जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये ओआरएसचे सूत्र बदलले, ते हाच विचार करून. द्रावणातील एकूण कणांचे प्रमाण लिटरमागे ३११ मिलिऑस्मोलवरून २४५ पर्यंत खाली आणण्यात आले. मिलिऑस्मोल हे विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक आहे. नव्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, असे एकूण २०.५ ग्रॅम क्षार व ग्लुकोज असतात. या बदलामुळे उलट्या आणि शौचाचे प्रमाण घटते, तसेच सलाईन लावण्याची गरज कमी भासते, असे चाचण्यांमध्ये आढळले.

गोड शीतपेयांमध्ये बहुधा लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. अतिसार झालेल्या बालकाला अशी पेये दिल्यास अपाय होऊ शकतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश काढून, ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात किंवा वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. त्यामागील चिंता हीच होती.

भाताच्या पेजेचे महत्त्वही यावरून कळते. पेजेतील पिष्टमय पदार्थांचा एकेक रेणू ग्लुकोजच्या असंख्य घटकांनी बनलेला असतो. त्यामुळे वजन तेवढेच असूनही कणांची संख्या कमी राहते आणि पाणी आतड्यात ओढले जात नाही. पचन होईल तसतसे ग्लुकोज हळूहळू उपलब्ध होते. मीठ घातलेली पेज हे घरी देण्याजोगे पेय म्हणून मान्यता पावलेले आहे.

पाण्याचे प्रमाण महत्त्वाचे

ओआरएसचे पाकीट योग्य असले, तरी ते किती पाण्यात मिसळले यावर सारे अवलंबून असते. एक लिटरसाठी असलेली पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात विरघळवल्यास कणांचे प्रमाण पाचपट, म्हणजे सुमारे १,२२५ मिलिऑस्मोल होते. मानवी रक्तात हे प्रमाण २९०च्या आसपास असते. असे दाट द्रावण तहान भागवण्याऐवजी शरीरातील पाणी बाहेर खेचते आणि रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते. उलट जास्त पाण्यात मिसळल्यास क्षारांची भरपाई पुरेशी होत नाही.

म्हणून पुडीवर छापलेले पाण्याचे प्रमाण वाचावे, ते स्वच्छ भांड्याने मोजून घ्यावे, संपूर्ण पुडी एकाच वेळी विरघळवावी आणि तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरावे. त्यात चवीसाठी साखर किंवा मीठ घालू नये. बालक सुस्त झाले असेल, पिऊ शकत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.