पापुद्र्यांच्या धातूचें कोडें

अभ्रकाचा खडा नखानें उकलला असतां त्याचे पातळ पापुद्रे निघतात, हें आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं करून पाहिलें असेल. अभ्रकांतून वीज वाहत नाहीं. परंतु तसेच पापुद्रे असून वीज वाहूं देणारे पदार्थही आहेत. त्यांपैकीं टायटॅनियम व सेलेनियम यांच्या एका संयुगाची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साध्या तारेंतून वीज जातांना तिला विरोध होतो व तार तापते. १९११ सालीं हॉलंडांतील लायडन येथें कामरलिंग ऑनेस यांस असें आढळलें कीं, पारा शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला म्हणजे हा विरोध एकाएकीं नाहींसा होतो. या गुणास अतिवाहकता म्हणतात. रुग्णालयांत शरीराच्या आंतील चित्रें घेणाऱ्या यंत्रांचे मोठे चुंबक याच गुणावर चालतात. मात्र एवढी थंडी राखण्यास खर्च जबर येतो. म्हणून अतिवाहकता कशानें वाढते व कशानें मोडते, हें कळणें अगत्याचें आहे.

आमच्या संयुगाच्या प्रत्येक पापुद्र्यांत टायटॅनियमचा एक थर सेलेनियमच्या दोन थरांमध्यें बसलेला असतो. दोन पापुद्र्यांमधील बंध मात्र दुबळा. शून्याखालीं सुमारें ७० अंशांवर यांतील अणु किंचित् सरकून नवी मांडणी धरतात, आणि इलेक्ट्रॉनही कोठें दाट, कोठें विरळ अशा लाटांनीं वांटले जातात. कवाईतीच्या मैदानावर शिटी होतांच मुलांनीं रांग बदलावी, तसें हें होतें. दृष्टांत थोडा लंगडा आहे खरा. कारण येथें शिटी इलेक्ट्रॉन वाजवितात कीं अणूंचीं कंपनें, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं.

शुद्ध संयुग कितीही थंड केलें तरी साध्या दाबाखालीं अतिवाहक होत नाहीं. २००६ सालीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील शास्त्रज्ञांनीं पापुद्र्यांमधील फटींत तांब्याचे अणु शिरविले. शंभर टायटॅनियम-अणूंमागें सुमारें ४ तांब्याचे अणु होतांच अतिवाहकता दिसूं लागली. ८ झाले तेव्हां तर ती जवळजवळ पाऱ्याइतक्याच उष्णमानावर आली, आणि जुनी मांडणी तोंपर्यंत मोडली होती. पुढें २००९ सालीं तांब्यावांचून, केवळ प्रचंड दाब देऊनही अतिवाहकता मिळाली. तेव्हां मांडणी ही अतिवाहकतेची वैरीण, असें कोणासही वाटावें.

परंतु २०१४ सालीं क्ष-किरणांनीं निराळीच साक्ष दिली. दाब वाढवीत गेल्यास अतिवाहकता संपल्यावरही मांडणी शिल्लक राहते. मात्र जेथें अतिवाहकता प्रगट होते तेथें त्या मांडणीचे तुकडे पडून त्यांमध्यें सीमाभिंती उभ्या राहिलेल्या दिसतात. अतिवाहकता त्या भिंतींच्या आश्रयानेंच उपजत असावी काय, हा प्रश्न आम्हांस या सर्व प्रकरणांत अधिक गोड वाटतो.