कूस बदलताना

पक्षाघाताचा झटका, खुब्याचे मोडलेले हाड, पुढच्या टप्प्यातला पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे माणूस अंथरुणाला खिळतो. मूळ आजार जेवढे नुकसान करतो, कित्येकदा त्याहून अधिक नुकसान नुसत्या पडून राहण्याने होते. कातडी फुटते, सांधे आखडतात, छातीत कफ साठतो, पोटऱ्यांतल्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात. यातले बरेचसे घरी टाळता येते. त्यासाठी अंगात फार ताकद लागत नाही, रुग्णाला हलवण्याची रीत माहीत असावी लागते.

निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत असतो. अंथरुणावरच्या रुग्णाला ते जमत नाही आणि संवेदना गेलेली असेल तर दुखणेही कळत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खवाटे, डोक्याची मागची बाजू या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा इतकाच असतो. त्याहून जास्त दाब तासन्‌तास राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरू लागते. यालाच शय्याव्रण किंवा रोजच्या बोलण्यात बेडसोअर म्हणतात. दाबाइतकेच घातक असते ते घासटणे. रुग्ण उशीवरून खाली घसरतो तेव्हा हाड खाली सरकते, कातडी मात्र चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतल्या वाहिन्या ताणून तुटतात. म्हणून काखेत हात घालून रुग्णाला फरपटत वर ओढणे ही आपल्या घरांतली सर्रास पद्धत सर्वांत आधी सोडायला हवी. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदाही तसल्या ओढण्याने सांध्यातून निखळतो आणि पुढे महिनोन्‌महिने ठणकतो.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. वळवण्यापूर्वी रुग्णाला वळवायच्या दिशेच्या उलट कडेला सरकवून घेतले की वळल्यावर तो मधोमध येतो. ज्या बाजूला वळवायचे त्या बाजूला उभे राहावे. रुग्णाचा पलीकडचा हात छातीवर आणावा, पलीकडचा गुडघा उभा करावा. मग एक हात पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा खुब्यामागे ठेवून त्याला आपल्याकडे वळवावे. उभा केलेला गुडघा वळला की कंबर आपोआप मागून येते. रुग्णाला पूर्ण कुशीवर, थेट खुब्याच्या हाडावर ठेवू नये. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कललेला ठेवावा. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली अशी एक की टाचा गादीपासून अधांतरी राहतील. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर कोणत्या कुशीवर वळवायचे हे आधी शल्यचिकित्सकाला विचारावे.

वर सरकवण्यासाठी जुनी सुती साडी किंवा चादर दुहेरी घडी घालून खांद्यापासून मांड्यांपर्यंत कायमची अंथरून ठेवावी. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा रुग्णाच्या अंगाजवळ गुंडाळून धराव्यात, डोक्याकडचा उंचवटा सपाट करावा आणि एका इशाऱ्यावर एकत्र सरकवावे. रुग्णाच्या पायांत थोडी शक्ती असेल तर त्याला गुडघे उभे करून टाच रोवायला सांगावे. त्याच्या अंगात उरलेली प्रत्येक हालचाल त्यालाच करू द्यावी.

सांभाळणाऱ्याची कंबर हाही याच विषयाचा भाग आहे. सखल पलंगावर दिवसभर वाकून काम केले तर घरात दुसरा रुग्ण तयार होतो. पलंग भिंतीपासून दूर, दोन्ही बाजूंनी फिरता येईल असा ठेवावा. पाय सरकणार नाहीत अशा खोलगट लाकडी ठोकळ्यांवर तो कमरेइतका उंच करता येतो, पण जो रुग्ण स्वतः उठू पाहतो त्याच्यासाठी ही उंची धोक्याची. वाकताना गुडघ्यांत वाकावे, पाय फाकलेले ठेवावेत आणि भार अंगाजवळ घ्यावा.

खुर्चीत बसवताना आधी कुशीवर वळवून पाय पलंगाखाली सोडावेत, मग उठवून काही मिनिटे कडेवर बसू द्यावे. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाचा रक्तदाब बसल्यावर एकदम उतरतो आणि घेरी येते. चाकांची खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, ब्रेक लावून, पायटे बाजूला करून ठेवावी. कमरेला रुंद मजबूत पट्टा बांधून तो धरावा. रुग्णाला सांभाळणाऱ्याच्या गळ्यात हात टाकू देऊ नये. तोल गेलाच तर उभे धरण्याचा हट्ट न करता त्याला आपल्या अंगावरून हळूच जमिनीवर बसवावे.

चाळीतल्या किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या जिन्यावरून नेताना हात नसलेली भक्कम खुर्ची आणि निदान दोन सशक्त माणसे लागतात. रुग्णाला खुर्चीशी बांधून घ्यावे. उतरताना आणि चढतानाही त्याचे तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला असावे. एकाने मागून पाठ धरावी, दुसऱ्याने पुढचे पाय.

कातडी रोज पुसून कोरडी ठेवावी. ओला डायपर लगेच बदलावा. पावडरचा थर घामात गोळा होऊन कातडीला टोचतो, तो टाळावा. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडावे. लाली क्षणभर फिकी पडली नाही, तर ती व्रणाची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा किंवा काळपट छटा शोधावी. अशी जागा चोळू नये, दुखावलेले मांस चोळण्याने आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल रिंगही वापरू नये, तिच्या कडांवर दाब वाढतो. हवेच्या गादीचा उपयोग निश्चित होतो, पण ती आली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही.

जेवताना रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, घास लहान. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. पाण्याने ठसका लागत असेल तर घट्टसर पदार्थ द्यावेत आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. दात आणि जीभ रोज दोनदा स्वच्छ केली तर अन्नकणांबरोबर फुप्फुसांत जंतू जाण्याचा धोका कमी होतो. डाळ, अंडी, दही यांतली प्रथिने जखम भरण्यासाठी लागतात. लघवीची नळी घातलेली असेल तर तिची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी.

दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा सावकाश, दुखेपर्यंत न ताणता हलवावा. घोटा काटकोनात राहील असा आधार दिला तर पाऊल खाली झुकत नाही. एकच पोटरी सुजली, गरम झाली, तर तेल लावून चोळणे जिवावर बेतू शकते, कारण सुटलेली गाठ फुप्फुसात जाते. अशा वेळी, तसेच ताप, दुर्गंधीयुक्त जखम, अचानक गुंगी, धाप किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. धाप किंवा गुंगी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.