लांब पल्ल्याची गाडी आणि कडेगावचा रस्ता

आलिशान सेडान मुळात लांब, सपाट आणि मोकळ्या रस्त्यासाठी घडवलेली असते, आणि तिच्या मालकांची बहुतेक प्रशंसा व बहुतेक तक्रारी या एकाच गोष्टीतून निघतात. इंजिन, माणसे आणि सामान यांसाठी तीन स्वतंत्र कप्पे असलेल्या, जमिनीलगत बसणाऱ्या बंद मोटारीला सेडान म्हणतात. तिच्या जोडीला आवाज थोपवणारी भक्कम बांधणी, ताकदवान इंजिन, उंची अंतर्भाग आणि मऊ असूनही ताबा न सोडणारे सस्पेन्शन, म्हणजे चाक व सांगाडा यांच्यामधली स्प्रिंग आणि शॉकअपची रचना, आली की ती आलिशान ठरते. अशी गाडी कडेगावसारख्या तालुक्याच्या गावी नांदवायची झाली, की तिच्यात बदल करणे ही निव्वळ हौसेची बाब राहत नाही. कोणता बदल गाडीला इथल्या रस्त्याशी जुळवून देतो आणि कोणता तिचे मूळ गुणच खाऊन टाकतो, हे मालकाला समजून घ्यावे लागते.

सांगली जिल्ह्याचा कडेगाव तालुका पूर्वी खानापूर तालुक्यात मोडत असे आणि जवळच्या आटपाडीप्रमाणेच पाण्याला पारखा होता. या टापूतल्या कितीतरी घरांनी विसाव्या शतकात गलाईचा धंदा धरला. जुने सोने-चांदी वितळवून, त्यातले हीण काढून धातू शुद्ध करण्याच्या या कामासाठी इथली माणसे केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत पांगली, आणि विटा हे या धंद्याचे गावाकडचे ठाणे म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलणारी टेंभू उपसा सिंचन योजना तालुक्यात पोहोचली आणि जिरायत रानात ऊस उभा राहिला. मोटारीच्या दृष्टीने या दोन्ही घडामोडींना महत्त्व आहे, कारण गलाईने यात्रेला आणि दिवाळीला शेकडो किलोमीटर गाडी चालवत गावी येणारा मालक घडवला, तर उसाने गावातच राहून मोठी गाडी घेऊ शकणारा मालक घडवला, आणि त्याच उसाने हंगामात रस्ताभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्याही आणल्या.

यांपैकी लांबून येणाऱ्या मालकाला सेडानचे गुण अधिक स्पष्ट जाणवतात. पुणे-बेंगळुरू महामार्गावर एकदा गाडी लागली, की वेगाची जाणीव काट्यावर राहते, अंगाला होत नाही, असे या गाड्यांचे मालक हमखास सांगतात, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. सेडानचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, उंच गाडीपेक्षा खाली असतो, त्यामुळे वळणावर किंवा लेन बदलताना गाडी कमी कलते आणि आत बसलेल्या माणसाच्या मानेला व कमरेला सतत सावरत बसावे लागत नाही. शिवाय तिचा चेहरा वाऱ्याला कमी अडतो, म्हणून वाऱ्याचा आवाज कमी आणि अॅव्हरेज बरे. कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना हा फरक लगेच कळतो: उंच एसयूव्ही प्रत्येक वळणाला झुकते आणि परत सावरते, तर चांगली सेडान रस्त्याला धरून चालते. शे-दीडशे किलोमीटरनंतर उतरताना जो थकवा जाणवत नाही, त्यासाठीच खरे तर एवढे पैसे मोजलेले असतात.

मात्र ही प्रशंसा गतिरोधकापाशी थबकते. भारतीय रोड काँग्रेसने, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने, गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, आणि वर १७ मीटर त्रिज्येचा सौम्य गोलावा, जेणेकरून ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप पार व्हावे. या मापात एक शहाणपण दडलेले आहे. दोन आसांमधले अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, सुमारे ३ मीटर असलेल्या सेडानची पुढची व मागची चाके अशा गतिरोधकावर एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली गतिरोधकाचा उंचवटा जेमतेम ७० मिलिमीटर येतो, आणि रिकाम्या सेडानचे पोट जमिनीपासून साधारण १५० ते १६० मिलिमीटर वर असल्याने ती सहज निघून जाते. गावाच्या वेशीवर, शाळेसमोर किंवा एखाद्या अपघातानंतर रातोरात घातलेला गतिरोधक मात्र अरुंद आणि उंच असतो. पुढची चाके तो ओलांडून खाली उतरलेली, मागची अजून अलीकडे, आणि सगळी उंची बरोबर पोटाखाली. पाच माणसे आणि भरलेली डिकी यांनी गाडी आधीच दबलेली असली, की खालून घासल्याचा आवाज येतो आणि मालकाच्या काळजात धस्स होते, कारण सर्वांत खाली असते ते इंजिनाचे तेल साठवणारे भांडे, ज्याला गॅरेजच्या भाषेत चेंबर म्हणतात. चेंबर फुटला आणि ते लक्षात न येता गाडी पुढे दामटली, तर तेलावाचून इंजिनच जाम होते. म्हणून इथले जाणते चालक गतिरोधकावर गाडी तिरकी घालतात. तसे केल्याने चाके एकामागून एक चढतात आणि गाडीचा मधला भाग थोडा उचललेला राहतो.

गतिरोधकाच्या जोडीला खड्डेही असतातच, म्हणून या भागातल्या मालकाचा पहिला विचार करण्याजोगा बदल टायरचा असतो, आणि नेमका तिथेच बहुतेकांचा कल उलट्या दिशेने जातो. टायरच्या बाजूवर २२५/५५ आर १७ असे काहीतरी लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगणारा. आणि शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. या मापात भिंतीची उंची सुमारे १२४ मिलिमीटर येते. हौसेने १९ इंची मॅगव्हील बसवून २४५/४० मापाचा टायर चढवला, तर चाकाचा एकूण घेर जवळपास तेवढाच राहतो, पण भिंत ९८ मिलिमीटरवर येते, म्हणजे खड्ड्याचा धक्का पोटात घेणारी रबर-हवेची गादी एक पंचमांशाने कमी होते. गाडी उभी असताना देखणी दिसते यात शंका नाही. परंतु खड्ड्याच्या धारेवर आदळल्यावर टायरची भिंत फुगणे आणि रिम वाकणे हे त्या देखणेपणाचे मोल असते. उलट, उत्पादकाने त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीला दिलेली लहान रिम आणि जाड भिंतीचा टायर घेणारा मालक कोणाच्या नजरेत भरत नाही, पण त्याची गाडी अंतर्गत रस्त्यावरही आपला मऊपणा टिकवते.

काही आलिशान गाड्यांना रन-फ्लॅट टायर येतात. त्यांच्या भिंती इतक्या ताठ असतात, की पंक्चर झाल्यावर हवेवाचूनही गाडी ताशी ८० किलोमीटर वेगापर्यंत सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकते, आणि म्हणून अनेकदा डिकीत स्टेपनी दिलेली नसते. शहरात ही सोय आहे. तालुक्याच्या गावी मात्र तो ताठ टायर उतरवण्याचे यंत्र आणि त्या मापाचा दुसरा टायर मिळणे अवघड. त्यामुळे रन-फ्लॅट काढून साधे टायर घालायचे आणि डिकीतली थोडी जागा देऊन स्टेपनी ठेवायची, हा बदल अनेक मालक करतात. त्यातून गाडी मऊही होते. स्प्रिंगखाली पॅकिंग घालून गाडी उचलणे हा आणखी एक रूढ उपाय आहे, पण तो बेतानेच करावा, कारण पोट जितके वर जाते तितका गुरुत्वमध्यही वर जातो, चाकांचे कोन बिघडतात, आणि ज्या स्थिरतेसाठी सेडान घेतली तीच उणी होत जाते.

सेडानमधला सर्वांत मोठा बदल खुद्द कारखान्यात झाला आहे, आणि तो महाराष्ट्रातच झाला. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये पुण्यात कंपनी स्थापून १९९५ पासून ई-क्लास सेडानची जुळणी सुरू केली आणि २००९ मध्ये चाकणचा कारखाना उभारला. येथूनच २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची ई-क्लास बाजारात आली. नेहमीच्या गाडीच्या २,९३९ मिलिमीटरऐवजी ३,०७९ मिलिमीटर, म्हणजे १४० मिलिमीटरची वाढ, आणि ती सगळी मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी. मालक मागे बसणार आणि गाडी चालक चालवणार, हे गृहीत धरून केलेला हा बदल आहे. कारखानदार, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा शहरी मालकांना तो मानवतो. कडेगाव-विटा भागात मात्र गाडी स्वतः हाकणारा मालक पुष्कळ, आणि त्याच्या दृष्टीने मागच्या सीटची वाढलेली ऐसपैस जागा म्हाताऱ्या आई-वडिलांच्या उपयोगी पडत असली, तरी वाढलेला व्हीलबेस अरुंद गतिरोधकावर त्याचीच परीक्षा घेतो. एकाच मापातून एकाला सुख आणि दुसऱ्याला चिंता मिळते, म्हणून गाडी निवडताना ती कोण चालवणार हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायला हवा.

इंजिनाची ताकद वाढवण्याची हौस तरुण मालकांत अधिक दिसते. आजचे इंजिन संगणकाच्या हुकमाने चालते. त्या संगणकातले आदेश बदलून टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढवले, की पिकअप वाढतो. याला रिमॅप म्हणतात. मात्र उत्पादकाने ताकद कमी ठेवलेली असते ती कंजूषपणाने नव्हे, हे औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वी जुळणी होत असलेल्या स्कोडा सुपर्बच्या उदाहरणावरून चांगले समजते. २०१६ च्या पिढीतले १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन हाताने बदलायच्या गिअरबॉक्सबरोबर ३२० न्यूटन-मीटर पीळ देत असे, तर तेच इंजिन सात गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सबरोबर २५० न्यूटन-मीटरवर रोखलेले होते, कारण त्या गिअरबॉक्सच्या कोरड्या क्लचची सहनशक्तीच तेवढी होती. ही मर्यादा रिमॅपने ओलांडणारा मालक काही महिने खूश असतो. नंतर क्लच घसरू लागतो आणि वॉरंटीचा आधार गेलेला असतो.

मोटार मनाजोगी घडवून घेण्याची परंपरा या मुलखाला नवी नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची महायुद्धापूर्वीची जर्मन मेबॅक मोटार आजही दसरा चौकात येते आणि लोक तिच्या दर्शनाला गर्दी करतात. त्या काळी उंची मोटारीचा सांगाडा, इंजिन आणि चाके एक कंपनी बनवी आणि वरची काया दुसरा कारागीर ग्राहकाच्या इच्छेनुसार चढवी. काया बदलली तरी भार पेलणारा सांगाडा खाली शाबूत असे. आजच्या सेडानला असा वेगळा सांगाडा नसतो, तिचे पत्रे आणि खांब मिळूनच भार पेलतात आणि टक्कर झाल्यावर ठरलेल्या जागी चुरगळून माणसे वाचवतात. त्यामुळे आता पत्रा कापणे म्हणजे गाडीचे हाड कापणे आहे.

कायदाही याच विचाराने चालतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून ढळेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीचा रंगही प्रमाणपत्रात नोंदलेला असतो, तेव्हा निराळ्या रंगाचे आवरण चढवण्याआधी आरटीओत विचारणे भाग आहे. काचांचा नियम तर अनेकांना माहीत असून पाळला जात नाही: समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. कडेगावच्या उन्हात गार काचेची इच्छा समजण्यासारखी आहे, पण रात्री बिनदिव्याची ट्रॉली बाजूने पुढे येत असताना काळी काच चालकाचेच डोळे झाकते. आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘राम’ वाचता येईल अशा नंबरपट्ट्याही बेकायदा आहेत. आवडीचा क्रमांक हवा असेल त्याला सरकारी शुल्काचा रस्ता मोकळा आहे, जरी चारचाकीच्या ०००१ या क्रमांकासाठी हे शुल्क २०२४ मध्ये तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले असले तरी.

दिव्यांबाबत मात्र सौम्य शब्द वापरून भागणार नाही. कराड-विटा रस्त्यावर दुभाजक नसलेल्या पट्ट्यात बाजारातले झगझगीत पांढरे बल्ब मूळ दिव्यात कोंबलेली गाडी समोरून आली, की काही क्षण समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि त्याच क्षणांत कडेने उसाची बैलगाडी चाललेली असते. मूळ दिव्याचा आरसा ठरावीक बल्बसाठीच घडवलेला असतो. दुसरा बल्ब घातला, की प्रकाशाची वरची कड विस्कटते आणि उजेड रस्त्याऐवजी माणसांच्या डोळ्यांत जातो. हा बदल कोणीच करू नये.

आतल्या सजावटीत धोका कमी असला, तरी एक गोष्ट नजरेआड होते. बऱ्याच सेडानमध्ये बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून उसवून बाहेर येते. तिच्यावर जाड कव्हर घट्ट शिवले, तर ती वेळेवर उघडणार नाही, म्हणून कव्हर करवून घेताना त्या कडेची शिवण मुद्दाम सैल ठेवलेली आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. म्युझिक सिस्टीमसारखी जादा विद्युत जोडणी विमा कंपनीला कळवून, तिच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता भरूनच करावी, अन्यथा तिचे नुकसान झाल्यास भरपाईचा हक्क राहत नाही.

या गाड्यांपैकी अनेक पुण्या-मुंबईतून वापरलेल्या अवस्थेत तालुक्याच्या गावी येतात, आणि त्या घेणाऱ्याने आधीच्या मालकाची आवड वाचायला शिकावे. गाडी रॅम्पवर चढवून चेंबरवरचे ओरखडे पाहावेत. टायरवरचा चार आकडी शिक्का पाहावा, ज्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३२२ असेल तर टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आणि बदललेले काही दिसले, तर त्याचे मूळ भाग मागावेत. ज्याने मूळ रिम, मूळ दिवे आणि सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, त्याची गाडी हजारो रुपये जास्त देऊनही घ्यावी.